देणगी नको, बिल पाठवते

युक्रेनमधल्या खार्कीव्हमध्ये मी २०१४ ते २०२० शिकले, एमबीबीएसला. पहिली काही वर्षं हॉस्टेलमध्ये काढली, मग साल्तिव्कामध्ये एका घरात भाड्याने खोली घेतली. साल्तिव्का ही शहराच्या ईशान्येची अवाढव्य वसाहत. सोव्हिएत काळात बांधलेल्या एकसारख्या उंच इमारती, मध्ये खेळण्याची मैदानं, जर्दाळूची झाडं, आणि हिवाळ्यात घसरून पडू नये म्हणून वाळू टाकलेल्या पायवाटा. घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणायला लागले, त्यांनाही ते आवडलं. त्यांची मुलगी, माझी मैत्रीण, शहरातल्या कला अकादमीत चित्रकला शिकत होती. तिचं नाव इथे देत नाही. तिचं शहर अजून युद्धात आहे आणि तिचा भाऊ आघाडीवर आहे.

माझी आई धुळ्याच्या एका हायस्कुलात ड्रॉइंगची शिक्षिका होती. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या दिवसांत आमच्या घरात बोर्ड, पोस्टर कलरच्या बाटल्या आणि घाबरलेली मुलं असा पसारा असायचा. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द मी फार लहानपणी ऐकले. त्यामुळे मैत्रिणीच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास आला, की मला परकं वाटायचं नाही. ती मला म्हणायची, तू हाडं पाठ करतेस आणि मी हाडं काढते, चल एकत्र बसू. माझं अॅनाटॉमीचं पुस्तक तिने माझ्यापेक्षा जास्त वापरलं असेल.

तिच्यामुळे मला कळलं, की युक्रेनमध्ये तरुण चित्रकाराला जगायचं असेल तर स्पर्धा आणि प्रदर्शनं यांच्याशिवाय दुसरा रस्ता जवळपास नाही. चित्रं विकत घेणारी माणसं थोडी, गॅलऱ्या मोजक्या, त्यातल्या बहुतेक कीव्हमध्ये. सोव्हिएत काळात कलाकार संघ होता, तो काम द्यायचा, स्टुडिओ द्यायचा आणि काय काढायचं तेही सांगायचा. तो आधार गेला, पण त्याच्या जागी बाजार काही नीट उभा राहिला नाही. मधल्या पोकळीत काही हट्टी माणसांनी तरुणांसाठी स्पर्धा सुरू केल्या. खार्कीव्हच्या म्युनिसिपल गॅलरीने २००३ पासून ‘नॉनस्टॉपमीडिया’ हा तरुणांचा महोत्सव चालवला. त्याच शहरात ‘सोस्का’ नावाच्या तीन-चार तरुणांच्या गटाने २००५ मध्ये स्वतःची प्रयोगशाळावजा गॅलरी काढली. कीव्हमध्ये २००९ पासून ‘मूखी’ ही तरुण युक्रेनी कलाकारांची स्पर्धा मरिना श्चेर्बेन्को यांनी चालवली. आणि त्याच वर्षी सगळ्यांत मोठा, पैशाने आणि नावाने मोठा, पिंचुकआर्टसेंटरचा पुरस्कार सुरू झाला.

या पुरस्काराबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मैत्रिणीच्या घरात त्यावर जेवणाच्या टेबलाशी भांडणं व्हायची. व्हिक्तर पिंचुक हे पोलादी पाइपांच्या धंद्यातून अतिश्रीमंत झालेले उद्योगपती, माजी राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा यांचे जावई. २००६ मध्ये त्यांनी कीव्हच्या मध्यभागी, बेसाराब्का बाजाराच्या परिसरात, समकालीन कलेचं केंद्र उघडलं. प्रवेश सगळ्यांना फुकट. २००९ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या युक्रेनी कलाकारांसाठी पुरस्कार. अर्ज कुणीही करावा. त्यातून साधारण वीस जणांची निवड होते, त्यांना नवं काम करण्यासाठी मदत मिळते, मग त्या कामांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि परदेशी-देशी परीक्षक मुख्य पुरस्कार ठरवतात. ज्याला तो मिळतो, तो आपोआप ‘फ्यूचर जनरेशन आर्ट प्राइझ’ या त्याच संस्थेच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम यादीत जातो. तिथली रक्कम एक लाख डॉलर. त्यातले साठ हजार हातात आणि चाळीस हजार पुढच्या कामासाठी.

पहिल्याच वर्षी मुख्य पुरस्कार आला तो खार्कीव्हच्या आर्टेम वोलोकितिन यांना. अकादमीतल्या मुलांच्या तोंडी हे नाव सतत असायचं. आपल्याच वर्गात, आपल्याच ईझलपाशी बसलेला माणूस कीव्हला जाऊन जिंकतो ही गोष्ट त्यांना किती मोठी वाटत असेल, ते मला धुळ्याहून आल्यामुळे बरोबर कळायचं. पुढे २०११ मध्ये निकिता कादान, २०१३ मध्ये झान्ना कादिरोवा, २०१५ मध्ये ‘ओपन ग्रुप’ हा गट, २०२० मध्ये यारेमा मालाश्चुक आणि रोमान हिमेय. आज युक्रेनी कलेबद्दल जगात कुणी बोललं की हीच नावं पुढे येतात. पस्तिशीच्या आत कुणीतरी त्यांच्यावर विश्वास टाकला होता.

मावशींना हे पटायचं नाही. त्या कारखान्यात हिशेबनीस होत्या, पैसा कुठून येतो हे त्यांना पाहायची सवय. एका धनाढ्य माणसाच्या इच्छेवर साऱ्या देशातल्या तरुणांची कला टांगून ठेवायची, हे बरं नाही, असं त्या म्हणायच्या. मैत्रीण म्हणायची, आई, दुसरं कोण देतंय ते सांग. दोघींचंही खरं होतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. २०१७ मध्ये सरकारने युक्रेनी सांस्कृतिक निधी स्थापन केला, तेव्हा मावशी खूश झाल्या. पोलंडचं सांस्कृतिक मंत्रालय २००३ पासून ‘गाउदे पोलोनिया’ नावाची सहा महिन्यांची शिष्यवृत्ती युक्रेनच्या तरुण कलाकारांनाही देत आलंय. दारं जितकी अधिक तितकं एकाच दाराशी वाकून उभं राहावं लागत नाही.

२०१९ च्या शरद ऋतूत तरुण कलेची दुसरी राष्ट्रीय बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं प्रदर्शन, खार्कीव्हमध्ये भरली. पहिली २०१७ मध्ये कीव्हला झाली होती. माझं शेवटचं वर्ष सुरू होतं, डोक्यावर परीक्षा होत्या, तरी मी मैत्रिणीबरोबर म्युनिसिपल गॅलरीत आणि येर्मिलोव्ह सेंटरमध्ये जात राहिले. येर्मिलोव्ह सेंटर हे कराझिन विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या तळघरात आहे, स्वातंत्र्य चौकाला लागून. जाड काँक्रीट, उंच छत, खिडक्या नाहीत. १९२० च्या दशकातल्या खार्कीव्हच्या वासिल येर्मिलोव्ह या प्रयोगशील कलाकाराचं नाव त्याला दिलंय, २०१२ मध्ये ते सुरू झालं. समोर देर्झप्रोम, काँक्रीटच्या मनोऱ्यांची १९२८ ची इमारत. तळघरातून वर आलं की ती एकदम अंगावर यायची.

त्या प्रदर्शनात मैत्रिणीचं काम नव्हतं. तिचा अर्ज नाकारला गेला होता. अर्ज करणं म्हणजे काय असतं ते मी तिच्या खांद्यावरून पाहिलं होतं. कामांचे फोटो, प्रकल्पाचं एका पानात वर्णन, साहित्याचा खर्च, भिंत किती लागेल, वीज किती लागेल, काम वाहून कसं आणणार. हे सगळं बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने लिहायचं. नकार आला तरी त्या अर्जामुळे तिने आपलं काम पहिल्यांदा स्वतःला समजावून सांगितलं. नंतर ती दुसऱ्या एका लहान स्पर्धेत निवडली गेली, तिथे तिला पाच चित्रांना पुरेल एवढी भिंत मिळाली आणि फ्रेमचे पैसे मिळाले. त्या भिंतीसमोर अनोळखी बाई बराच वेळ उभी राहिली, हे ती मला फोनवर सांगत होती, तेव्हा मी धुळ्याला परत आले होते आणि इथल्या परीक्षेचा अभ्यास करत होते.

मग २४ फेब्रुवारी २०२२. रशियाची सीमा खार्कीव्हपासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर. साल्तिव्काचा उत्तर भाग पहिल्या आठवड्यांतच जळून काळा पडला. १ मार्चला स्वातंत्र्य चौकातल्या प्रादेशिक प्रशासनाच्या इमारतीवर क्षेपणास्त्र पडलं. त्याच दिवशी शहरात खाण्याचं सामान आणायला रांगेत उभा असलेला कर्नाटकातला, हावेरीचा एक मेडिकलचा विद्यार्थी मारला गेला. आमच्या बॅचच्या ग्रुपवर त्या रात्री कुणीही झोपलं नाही.

येर्मिलोव्ह सेंटरचं तळघर त्या दिवसांत लपण्याची जागा झालं. शहरातले कलाकार घरच्यांना घेऊन तिथे राहिले. मैत्रीणही तिच्या आईला घेऊन काही दिवस तिथे होती, जिथे दोन वर्षांपूर्वी आम्ही बिएनाले पाहिली होती. कीव्हमध्ये निकिता कादान असेच वोलोशिन गॅलरीच्या तळघरात राहायला गेले आणि तिथेच, गॅलरीकडे असलेल्या कामांतून, त्यांनी एक प्रदर्शन मांडलं. बाहेर सायरन, आत भिंतीवर चित्रं. मला त्या वेळी हे कळलं नव्हतं. लोक मरत असताना प्रदर्शन कशाला, असं आमच्या ग्रुपवर काहींनी विचारलंही. मैत्रिणीने उत्तर दिलं होतं, ‘तू दवाखाना बंद करशील का?’ मी नसता केला.

मार्च २०२२ मध्येच युक्रेनियन इमर्जन्सी आर्ट फंड उभा राहिला. म्युझियम ऑफ काँटेम्पररी आर्ट ही स्वयंसेवी संस्था, झाबोरोना हे माध्यम, नेकेड रूम ही कीव्हची गॅलरी आणि मिस्तेत्स्की आर्सेनाल हे मोठं कलाकेंद्र यांनी मिळून तो सुरू केला. कलाकारांना, प्रदर्शनं मांडणाऱ्या क्युरेटरना, कलेवर लिहिणाऱ्यांना छोट्या छोट्या रकमा, लवकर. इव्हानो-फ्रांकिव्स्कमध्ये ‘असोर्तिमेंत्ना किम्नाता’ या गॅलरीने आल्योना कारावाय यांच्या पुढाकाराने कार्पेथियन डोंगरांच्या बाजूला कलाकारांना राहायला आणि काम करायला जागा दिली, धोक्यातल्या शहरांमधून कलाकृती हलवायला मदत केली. डॉक्टर म्हणून मी एक पाहिलंय, की संकटाच्या पहिल्या तासात माणसाला जे लागतं ते अगदी साधं असतं, पण वेळेवर लागतं. तशी ही मदत होती.

पण माणसाला कायम रुग्ण म्हणून ठेवता येत नाही. मला जे सांगायचंय ते इथून पुढे आहे.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी मैत्रिणीला पैसे पाठवायचं ठरवलं. बॅचमधल्या आम्ही काही जणांनी थोडे थोडे जमवले होते. धुळे, जळगाव, लातूर, परभणी. आमच्यातले बरेच जण आता छोट्या गावांत दवाखाने चालवतात. तिला विचारलं, कुठल्या खात्यावर टाकू. तिचं उत्तर आलं, ‘देणगी नको, बिल पाठवते. चित्र घ्या.’ आणि खरंच बिल आलं. चित्राचं नाव, आकार, माध्यम, किंमत, खाली सही. मी म्हटलं, अगं चित्र येणार कसं, विमानं बंद आहेत. ती म्हणाली, प्रिंट पाठवते, मूळ चित्र तुमचं म्हणून माझ्याकडे सांभाळून ठेवते, युद्ध संपल्यावर न्यायला या.

ते बिल मला बँकेत फार उपयोगी पडलं हेही सांगते. परदेशी पैसे पाठवताना ए-२ फॉर्म भरावा लागतो, कशासाठी पाठवताय ते लिहावं लागतं. काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, गिफ्ट का? मी बिल पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, मोबाइलवर चित्र पाहायला मागितलं, आणि म्हणाल्या, ‘अहो, हे तर आमच्या आजीच्या फडताळासारखं दिसतंय.’

कारण मैत्रीण बरण्या काढते. तीन-तीन लिटरच्या काचेच्या बरण्या, ज्यांत तिच्या आईने उन्हाळ्याच्या शेवटी काकड्या, टोमॅटो, जर्दाळू, बीट भरून ठेवलेलं असतं. साल्तिव्कातल्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक घराचा एक लहान कोनाडा असे आणि त्यात या बरण्या. मी तिथे राहत असताना हिवाळ्यात एखादी बरणी वर आणणं हा मावशींचा सोहळा असायचा. खारवलेल्या काकड्यांची ती बरणी उघडली, की बडीशेपेच्या झाडासारख्या शेपूच्या तुऱ्यांचा, लसणाचा वास घरभर जायचा. युद्धात त्याच तळघरात लोक बसले. इमारतीवर तोफगोळा पडला तेव्हा वरच्या मजल्यांच्या काचा गेल्या, पण खालच्या बरण्यांतल्या बऱ्याचशा राहिल्या. त्या बरण्या ती काढते आहे, तेलरंगात, एकेक, मोठ्या आकारात. काचेतून येणारा उजेड, आत तरंगणारा लसूण, झाकणाला लागलेला गंज. त्यांत युद्ध दिसतं का? मला दिसतं. तिने ते मुद्दाम घातलेलं नाही.

परदेशातल्या एका स्पर्धेने, नाव घेत नाही, ही मालिका परत पाठवली. युक्रेनच्या तरुण कलाकारांना मदत म्हणून ती स्पर्धा होती, हेतू चांगला होता. उत्तरात लिहिलं होतं, की तुमच्या कामात सध्याच्या परिस्थितीचा संदर्भ अधिक स्पष्ट असता तर बरं झालं असतं. मैत्रीण दोन दिवस बोलली नाही. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. ज्या मुलीने तळघरात रात्री काढल्या, तिला पुण्यकर्म करायला निघालेली माणसं सांगतात की तू रणगाडा काढ, म्हणजे आम्हाला मदत करता येईल. मदतीची अशी अट घालणारा माणूस कलाकाराला मदत करत नाही. त्याला स्वतःच्या दयेचं चित्र हवं असतं, आणि ते दुसऱ्याच्या हातून काढून घेतो.

आता याच्या उलट उदाहरणं पाहा. पाव्लो माकोव्ह, खार्कीव्हचेच ज्येष्ठ कलाकार. १९९५ मध्ये शहरात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पुरात बुडालं आणि शहर पाण्यावाचून राहिलं, त्या सुमारास त्यांनी एक कारंजं कल्पिलं. वर एक नरसाळं, खाली दोन, त्याखाली तीन, असे बारा थर, एकूण ७८ नरसाळी. वरून सोडलेलं पाणी वाटलं जात जात तळाशी थेंबभर उरतं. २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत युक्रेनच्या दालनात ते लागायचं होतं. युद्ध सुरू झालं त्या संध्याकाळी क्युरेटर मारिया लान्को ती ७८ नरसाळी गाडीत खोक्यांत घालून कीव्हमधून निघाल्या. माकोव्ह नव्वदी ओलांडलेल्या आईला घेऊन नंतर बाहेर पडले. एप्रिलमध्ये व्हेनिसला पाणी वाहत होतं. २७ वर्षांपूर्वी सुचलेलं काम, युद्धासाठी केलेलं नव्हे, आणि तरी त्या दालनासमोर उभ्या राहिलेल्या कुणालाही युद्धाबद्दल वेगळं सांगावं लागलं नसेल.

किंवा झान्ना कादिरोवा. २०१३ चा पिंचुकआर्टसेंटर पुरस्कार मिळालेल्या. युद्ध सुरू झाल्यावर त्या पश्चिमेकडे, झाकार्पात्त्याच्या डोंगरातल्या एका खेड्यात गेल्या. तिथल्या नदीत पाण्याने घासून गोल झालेले दगड त्यांनी गोळा केले, कापले, पावाच्या कापांसारखे मांडले आणि नाव दिलं ‘पल्यानित्सिया’, म्हणजे युक्रेनी गोल पाव. ते दगडी पाव युरोपात विकले गेले आणि आलेले पैसे त्यांनी देशाच्या मदतीला पाठवले. ‘ओपन ग्रुप’ने निर्वासितांना कॅमेऱ्यासमोर बसवून एकच मागणं केलं, की तुम्ही ऐकलेल्या शस्त्राचा आवाज तोंडाने काढून दाखवा. २०२४ मध्ये व्हेनिसला पोलंडच्या दालनात हे लागलं. कॅराओकेसारखी मांडणी, समोर माइक, आणि प्रेक्षकाने तो आवाज मागून काढायचा. हे सगळे लोक तरुण असताना कुणीतरी अट न घालता त्यांना भिंत दिली होती. आता देशाला द्यायची वेळ आली, तेव्हा ते देणारे झाले. खार्कीव्हचे हामलेत झिंकीव्स्की रस्त्यांवर, फुटलेल्या खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्यांवर काळ्या रंगात चित्रं काढत राहिले आणि कामं विकून सैन्यासाठी पैसे उभे करत राहिले. युक्रेनमध्ये आज मदतीचा ओघ कलाकाराकडून आघाडीकडे जातो आहे, हे आपल्याकडच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

मुलांबद्दलही एक सांगायलाच हवं. खार्कीव्हमध्ये ‘आझा निझी माझा’ नावाचा मुलांचा कलावर्ग आहे, मिकोला कोलोमियेत्स चालवतात. २०२२ च्या वसंतात हजारो माणसं शहराच्या मेट्रो स्टेशनांत राहत होती, मे अखेरपर्यंत गाड्याच बंद होत्या. कोलोमियेत्स खाली गेले, तिथल्या मुलांबरोबर मोठ्या कागदांवर चित्रं केली, ती स्टेशनच्या भिंतींवर लावली. नंतर त्या मुलांची कामं परदेशातही दाखवली गेली. मी ती चित्रं आईला दाखवली. आई निवृत्त झाली आहे, पण तिची नजर गेलेली नाही. ती म्हणाली, ‘या मुलांना कुणी बिच्चारी म्हणून शिकवलेलं नाही. रेषा बघ.’ तिच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

परदेशात शेकडो कलानिवास उघडले, हेल्सिंकीच्या ‘आर्टिस्ट्स अॅट रिस्क’सारख्या संस्थांनी जागा जुळवून दिल्या, त्याचा उपयोग झालाच. पण युद्धकायद्याखाली १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडता येत नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या मुलांना परवानगी मिळाली, बाकीच्यांना नाही. म्हणजे बाहेर जाऊन काम करण्याची संधी मुख्यतः बायकांना मिळाली, आणि त्यांतल्याही ज्यांना आई-वडील, भाऊ मागे सोडवत होते त्यांना. माझी मैत्रीण गेली नाही. त्यामुळे देशातच जे उघडत राहिलं त्याचं मोल मला जास्त वाटतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये, युद्ध चालू असताना, ल्विव्हमध्ये जॅम फॅक्टरी हे नवं कलाकेंद्र सुरू झालं. हाराल्ड बिंडर या इतिहासकार दानशूराने जुन्या कारखान्याची इमारत त्यासाठी उभी केली. २०२४ मध्ये कीव्हने फ्यूचर जनरेशन पुरस्काराचं प्रदर्शन भरवलं आणि मुख्य पुरस्कार बांगलादेशच्या अश्फिका रहमान यांना दिला. ज्या शहरावर रात्री ड्रोन येतात, ते शहर ढाक्याच्या मुलीच्या कामाची कदर करत होतं.

आणि मग वयाची अट. यावर मी मैत्रिणीशी आणि आमच्या ग्रुपमध्ये इतकं बोलले आहे की लिहिताना हात थांबत नाही. जवळजवळ प्रत्येक स्पर्धेत ‘तरुण’ म्हणजे ३५ पर्यंत. २०२२ मध्ये जो ३२ वर्षांचा होता आणि सैन्यात गेला, त्याची उरलेली तारुण्याची वर्षं खंदकात गेली. परत येईल तेव्हा तो कुठल्याच अर्जात बसणार नाही. आघाडीवरून जे परत येणार नाहीत त्यांच्याविषयी काय बोलावं. क्रिव्ही रीहची मार्हारिता पोलोविन्को, १९९४ ची, कागदावर पेनने आणि स्वतःच्या रक्ताने चित्रं काढायची. आधी जखमींना हलवायचं काम केलं, मग स्वतः सैन्यात गेली, एप्रिल २०२५ मध्ये मारली गेली. दाविद चिच्कान ऑगस्ट २०२५ मध्ये. खार्कीव्हमध्ये ऑगस्ट २०२४ च्या एका दुपारी, हवाई बॉम्बने, अठरा वर्षांची एक चित्रकार मुलगी गेली; मैत्रीण तिला ओळखत होती, तिच्या वह्या तिने पाहिल्या होत्या. तिने अजून एकही मोठी स्पर्धा लढवलेली नव्हती. परीक्षेला बसता आलं नाही तर आम्हाला विद्यापीठ पुढची संधी देतं. तेवढं तरी या मुलांसाठी व्हायला हवं: युद्धाची वर्षं वयातून वजा करा.

गेल्या वर्षी मैत्रिणीने आणि तिच्या चार सहकाऱ्यांनी अकादमीच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटी वार्षिक स्पर्धा सुरू केली. जागा जमिनीखालची, कारण खार्कीव्हमध्ये आता शाळासुद्धा जमिनीखाली बांधतात. बक्षिसाची रक्कम आमच्या बॅचने द्यायची ठरली. आमच्यातल्या एकाने सुचवलं, विषय ‘शांतता’ ठेवूया, आपल्या नावाला शोभेल. त्यावर ग्रुपवर रात्रभर वाद झाला. मी म्हटलं, ज्यांच्या घराच्या भिंती गेल्या त्यांना आपण धुळ्यात बसून शांतता हा विषय द्यायचा? शेवटी लातूरच्या आमच्या मित्राने तोडगा काढला, की आपण मेडिकल कॉलेजात असताना आपल्याला कुठला पेशंट आवडेल ते कुणी विचारलं होतं का. जो येईल तो बघायचा. विषय ठेवला नाही. वयाची अट ठेवली नाही. सैन्यातून रजेवर आलेल्यांनाही अर्ज करता येईल. निवड झालेल्या प्रत्येकाला, बक्षीस मिळो न मिळो, कॅनव्हास, रंग आणि फ्रेमचा खर्च आधीच द्यायचा, कारण पैसे नसलेला विद्यार्थी चांगलं काम डोक्यातच ठेवून बसतो. प्रदर्शन मांडणाऱ्यांना मानधन. आणि बक्षीस मिळालेल्या प्रत्येकाने आपलं चित्र आम्हाला विकल्याचं बिल पाठवायचं.

पहिल्या वर्षीचं पहिलं बक्षीस एका मुलाला मिळालं ज्याने आजोबांच्या मधमाश्यांच्या पेट्या काढल्या होत्या. दुसरं एका मुलीला, तिने फक्त हात काढले होते, मेट्रोत समोर बसलेल्या माणसांचे. दोन्ही चित्रांच्या प्रिंट आता माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत लावल्या आहेत, मैत्रिणीच्या काकडीच्या बरणीशेजारी. नंबर लागेपर्यंत लोक बघतात. एका शेतकरी काकांनी मधपेट्यांच्या चित्रावरून मला बराच वेळ मधमाश्या समजावून सांगितल्या आणि विचारलं, हा पोरगा कुठला. सांगितलं, तर म्हणाले, त्याला सांगा, तिसरी पेटी वाऱ्याच्या तोंडाला ठेवलीय, हलव म्हणावं. मी निरोप पाठवला. उत्तर आलं, आजोबाही हेच म्हणायचे.

यंदाचे अर्ज सुरू झाले आहेत. बॅचमधल्या ज्यांनी आपला वाटा अजून दिलेला नाही, त्यांनी या महिन्यात द्यावा. हिवाळ्यात तिथे वीज जाते, रिचार्ज होणाऱ्या दिव्यांसाठी या वेळी थोडी जास्त रक्कम लागणार आहे. ज्यांना बॅचबाहेरून चित्र घ्यायचंय त्यांनी मला लिहावं. प्रिंट कुरिअरने यायला वेळ लागतो, पोलंडमार्गे येतात, पण येतात. बिल मात्र लगेच येईल, ते जपून ठेवा, बँकेत लागतं.